इंग्रजी कादंबरी वाचताना डोळे कोरडेच का राहतात?

पत्राचा सारांश : एक वाचक लिहितात, ‘वय चाळिशीचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं शिक्षण आणि नोकरी इंग्रजीत. अनेक वर्षं इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचते आणि एका वाचनगटात आहे. हातात पेन्सिल घेऊन, समासात टिपणं करत वाचायची सवय आहे. गटाने नुकतीच एक कादंबरी वाचली. त्यात एक लहान मुलगा जातो. चर्चेच्या वेळी बाकीच्यांचे आवाज कातर झाले होते. मी मात्र निवेदक कुठे कुठे खोटं बोलतो, ते पानांसकट दाखवत होते. “किती तटस्थपणे वाचतेस गं तू!” असं एक मैत्रीण कौतुकाने म्हणाली आणि ते मला बोचलं. ऑफिसात साहेबांचा एका ओळीचा तिखट ईमेल आला तर माझा दिवस नासतो, मग इथेच मी दगड कशी? काही दिवसांनी एक जुनी, खरं तर बेताचीच मराठी कथा वाचली आणि ढसाढसा रडले. त्यातली आई मुलीला ज्या शब्दांत रागावते, ते शब्द आमच्या घरातले होते. तीच कथा अकरा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवली, तर ती “बरी आहे” म्हणाली आणि आपल्या इंग्रजी पुस्तकाकडे वळली. रात्री त्या पुस्तकावर ती रडत होती! माझं इंग्रजी कच्चं आहे का? की इतकी वर्षं मी वाचनाचं नाटक करत होते? आता इंग्रजी सोडून फक्त मराठी आणि मराठी अनुवादच वाचू का? आणि मुलीचं काय करू?’

नमस्कार.

साहेबांचा ईमेल आणि हातातली पेन्सिल या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्या आहेत. मला उत्तर बरंचसं त्यांतच दिसतं. पण तुम्ही स्वतःवर ‘नाटक’ हा फारच जड आरोप केला आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुम्हाला जे जाणवलं, तो तुमच्या मनाचा खेळ नाही.

उशिरा शिकलेल्या भाषेतले शब्द अंगाला कमी लागतात, हे मोजून पाहिलेलं आहे. मन हललं की बोटांच्या टोकांशी अगदी किंचित घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता बदलते. तो बदल यंत्र टिपतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ तुर्की भाषकांवर हा प्रयोग केला. या सगळ्यांनी इंग्रजी वयाच्या बाराव्या वर्षानंतर शिकली होती. शिव्यांचा परिणाम तुर्कीत जास्त झाला, यात फारसं नवल नाही. मला लक्षवेधी वाटला तो दुसरा निष्कर्ष. लहानपणी मोठी माणसं ओरडताना वापरतात तशी, ‘लाज वाटली पाहिजे’ या धाटणीची वाक्यं तुर्कीत ऐकताना यंत्राचा काटा चांगलाच हलला आणि इंग्रजीत फार कमी. अर्थ दोन्हीकडे समजलेला होता.

आता तुम्हाला रडवणारी कथा आठवा. त्यातली आई नेमकी रागावतेच आहे.

एवढ्यावर थांबलं तर ‘मातृभाषा हृदयाची, परभाषा डोक्याची’ असं एक गुळगुळीत वाक्य हाती लागतं. ते व्यासपीठावर छान वाजतं, पण तुमच्याच घरात, तुमच्या मुलीपाशी, मोडून पडतं. हॅरिस यांनी पुढच्याच वर्षी स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लहानपणापासून दोन्ही भाषांत वाढलेल्यांना रागावणं दोन्ही भाषांत सारखंच लागत होतं. फरक दिसला तो इंग्रजी नंतर शिकलेल्यांत. म्हणजे भाषा पहिली की दुसरी, एवढ्याने काही ठरत नाही. ती केव्हा भेटली आणि कुठे भेटली, यावर बरंच अवलंबून असतं.

यातला ‘कुठे’ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. झाँ-मार्क देवाले आणि अनेटा पावलेंको यांनी २००१ ते २००३ या काळात हजारांहून अधिक बहुभाषिकांना त्यांच्या भाषा आणि भावना यांबद्दल प्रश्न विचारले. ज्यांनी एखादी भाषा फक्त वर्गात शिकली होती, त्यांना त्या भाषेतल्या शिव्यांचा, कठोर शब्दांचा जोर कमी जाणवत होता. माणसांत वावरून शिकलेल्यांना तो जास्त जाणवत होता. तुमची इंग्रजी कुठे भेटली? वर्गात, परीक्षेत, मुलाखतीत, ऑफिसात. या सगळ्या जागा चूक होऊ नये म्हणून जपून वागायच्या आहेत. त्या भाषेत कुणी तुम्हाला थोपटून झोपवलं नाही, की गच्चीवर बसून तुमच्याशी वायफळ बडबड केली नाही.

म्हणून तो ईमेल इतका लागतो. इंग्रजी तुमच्या मनापर्यंत पोचतच नसती, तर एका ओळीने दिवस नासला नसता. ती पोचते, पण ठरावीक वाटेने पोचते. तुमच्या इंग्रजीत भीती आहे, सावधपणा आहे, शाबासकी मिळाल्याचा आनंदही असणार. सैलपणा नाही. आणि कथेपाशी माणूस सैल झाला नाही, तर कथा तरी काय करणार?

आता पेन्सिलकडे येऊ. तुम्ही कादंबरी वाचता तेव्हा गटातली चर्चा मनात आधीच सुरू झालेली असते. आपण काय बोलणार, कुठलं पान दाखवणार, कुणाच्या लक्षात न आलेलं काय हेरणार. (वाचनगटांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ते इथे डोकावतंय, याची मला कल्पना आहे.) मराठी कथा तुम्ही कशी वाचलीत? पत्रावरून तरी दिसतं की पेन्सिलीशिवाय, कुणाला काही सांगायचं नसताना. म्हणजे या दोन वाचनांत फक्त भाषेचा फरक नव्हता. एकीकडे तयारी होती आणि दुसरीकडे नुसतं वाचन, पण तुम्ही सगळा दोष भाषेवर टाकलात.

तिसरी शक्यताही सोडू नका. दोष कुणाचाच नसेल. निवेदक खोटं बोलतोय, असं तुम्हीच लिहिलं आहे. असा निवेदक लेखक उगाच निवडत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, या विचारात वाचक एक पाऊल मागेच राहतो आणि बहुधा तेच अपेक्षित असतं. मुलाच्या मृत्यूपाशी सगळे गलबलले आणि तुम्ही मात्र त्या मृत्यूची हकीकत सांगणाऱ्याकडे संशयाने पाहत राहिलात. ते पुस्तक कदाचित तुम्हीच नीट वाचलंत. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे कथा भिडली आणि आलं नाही म्हणजे नुसती डोळ्यांखालून गेली, हे गृहीतक मला मुळातच मान्य नाही. एखादं पुस्तक अस्वस्थ करतं, एखादं चीड आणतं, एखादं महिनाभर डोक्यातून जात नाही. ही सगळी गुंतवणूकच की!

उलट बाजूनेही हा हिशेब करून बघा. त्या बेताच्या कथेवर जे रडू आलं, त्यातलं कथेचं किती आणि तुमचं किती? व्हिओरिका मारियन आणि मार्गारिता कौशान्स्काया यांनी रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या आठवणी नोंदवल्या आणि तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आठवण ज्या भाषेत घडली, त्याच भाषेत सांगताना तिच्यातली भावना जास्त तीव्र होत होती. तुमच्या कथेने तुमच्या घरातलं एक वाक्य उच्चारलं आणि पुढचं काम तुमच्या आठवणींनी केलं. मातृभाषेतल्या लेखकाला अशी आयती मदत खूप मिळते. ते रडू खरंच होतं, पण त्यावरून इंग्रजी वाचनाची परीक्षा घेणं बरोबर नाही. कुठल्याही इंग्रजी कथेला तुमच्या आईचं वाक्य माहीत असणं शक्य नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, इंग्रजी कच्चं आहे का? खोटं बोलणारा निवेदक ज्याला पकडता येतो, त्याचं इंग्रजी कच्चं नाही. पण पक्क्या दुसऱ्या भाषेतही वाचताना जास्त श्रम पडतात, आणि ते आपल्याला जाणवतीलच असं नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी काही वाचकांना एक अख्खी कादंबरी, अर्धी डचमध्ये आणि अर्धी इंग्रजीत, वाचायला दिली आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. सगळ्यांची मातृभाषा डच होती आणि इंग्रजी चांगलं येत होतं. तरीही इंग्रजी वाक्यांना सुमारे २० टक्के जास्त वेळ लागला. डोळे जास्त वेळा थांबत होते आणि छोट्या उड्या मारत होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भावनांचा विषय नव्हता, पण मला त्यातून एक गोष्ट दिसते. लक्षाचा एवढा भाग शब्दांवर खर्च झाला, तर प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायला, पात्राच्या जागी जाऊन बसायला तेवढा कमी उरतो. हा श्रमाचा कोरडेपणा आहे. भाषा लहानपणी न भेटल्यामुळे येणारा कोरडेपणा वेगळा. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. पहिला सरावाने कमी होतो. दुसरा त्या भाषेत जगण्याने, मैत्र्या, भांडणं, थट्टामस्करी त्या भाषेत झाल्याने हळूहळू कमी होतो, आणि पूर्ण जाईलच असं नाही.

तुमच्या बाबतीत कुठला, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. त्या कादंबरीतला तो एकच प्रसंग पुन्हा वाचा, शक्य तर मोठ्याने. आता गोष्ट माहीत आहे, शब्द माहीत आहेत, श्रम आधीच करून झाले आहेत. या वेळी आत काही हललं, तर अडचण श्रमाची होती. तरीही काही झालं नाही, तर तो प्रसंग मराठी अनुवादात मिळतो का पाहा, नाहीतर स्वतःच चार वाक्यं मराठीत करून बघा. तिथेही कोरडंच वाटलं, तर पुस्तक तुमच्यासाठी नव्हतं, इतकंच.

तुम्ही दुःखाचंच मोजमाप केलंत, हेही मला खटकलं. आनंदाचं काय? २०१५ मध्येच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मन मातृभाषा असलेल्या वाचकांना एका अतिशय लोकप्रिय कादंबरीमालेतले उतारे जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वाचायला देऊन त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागात जो फरक दिसला, तो मुख्यतः आनंदी उताऱ्यांत होता. मातृभाषेतल्या आनंदी प्रसंगांना मेंदूचा प्रतिसाद अधिक ठळक होता. तेव्हा इंग्रजी पुस्तक वाचताना तुम्ही एकट्या असताना खुदकन हसता का, हे आठवून पाहा. रडण्यापेक्षा ती खूण मला जास्त उपयोगाची वाटते. चारचौघांच्या दबावाखाली डोळ्यांत पाणी येऊ शकतं, पण एकटं असताना उगाच कुणी हसत नाही.

आणि हे अंतर म्हणजे नुसता तोटाच, असंही समजू नका. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक जुना नैतिक पेच लोकांपुढे ठेवला. पाच जणांचा जीव वाचवण्यासाठी एका माणसाला पुलावरून ढकलाल का? परभाषेत प्रश्न वाचणाऱ्यांपैकी जास्त लोक ‘हो’ म्हणाले. भावनेची पकड सैल झाली की हिशेबाला जागा मिळते. त्या पेचात ही गोष्ट जरा भीतिदायक आहे, पण वाचनात तिचा उपयोगही होतो. युद्ध, छळ, अत्याचार यांबद्दलची काही पुस्तकं मातृभाषेत वाचताना आपण मिटून ठेवतो. दुसऱ्या भाषेतलं अंतर आपल्याला शेवटच्या पानापर्यंत नेतं. गटातल्या बाकीच्यांना निवेदकाचं खोटं दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं, यातही त्या अंतराचा हात असू शकतो. ते अंतर सगळं घालवायची घाई करू नका. ते केव्हा हवं आणि केव्हा नको, हे तुम्हाला ठरवता आलं की पुरे.

मग करायचं काय? गटाच्या यादीत नसलेलं एक इंग्रजी पुस्तक निवडा आणि त्याबद्दल कुणालाही काही सांगायचं नाही, असं ठरवा. पेन्सिल दुसऱ्या खोलीत. पुस्तक तुमच्या अभिमानाला जरा कमीपणाचं वाटेल इतकं सोपं असू द्या. परभाषेतलं पुस्तक शब्दकोशाशिवाय सहज वाचता यावं, तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारे पॉल नेशन सांगतात. मधलं एखादं पान उघडा. पानावर तीनशेच्या आसपास शब्द असतील, तर अडणारे शब्द पाच-सहाच्या वर जायला नकोत. जास्त असतील तर पुस्तक वाईट नाही, तुम्हाला रडवायला किंवा हसवायला मात्र ते सध्या असमर्थ आहे. अर्थ अडला तरी पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नका. अंदाज करा आणि पुढे जा. चुकला तर चुकला.

सुरुवातीची तीस-चाळीस पानं एकाच बैठकीत वाचा. कुठल्याही कादंबरीत ही पानं सगळ्यात जड असतात. नावं नवी, नाती नवी, लेखकाची बोलायची ढब नवी. रोज झोपताना चार पानं वाचली, तर हे ओझं रोज नव्याने उचलावं लागतं आणि कथा सुरूच होत नाही. एक लेखक आवडला, तर त्याचं दुसरं पुस्तकही लगेच घ्या. प्रत्येकाचे आपले ठरलेले शब्द असतात, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकात वाट मोकळी झालेली असते. ऑडिओबुक मिळत असेल, तर पुस्तक समोर ठेवून ऐका. उपरोध, अडखळणं, दाबून ठेवलेला राग, हे छापील परभाषेत सगळ्यात आधी निसटतं आणि पुस्तक चांगलं वाचून दाखवणारा ते आवाजातून परत देतो. निदान संवाद तरी स्वतः मोठ्याने म्हणून बघा. आधी हसू येईल. येऊ द्या.

इंग्रजी सोडायची गरज मला दिसत नाही. पण मराठी अनुवादांकडे तुम्ही पराभव म्हणून बघताय, ते थांबवा. रशियन किंवा जपानी कादंबरी तुम्ही इंग्रजीत वाचता, तेव्हा तोही अनुवादच असतो ना? मग तीच मराठीत वाचण्यात कमीपणा कसला? विकत घेण्याआधी मधले संवाद वाचून बघा. माणसं मराठी बोलत असतील तर घ्या, व्याकरण बोलत असेल तर ठेवून द्या. आणि एखादं पुस्तक आधी मराठीत, मग इंग्रजीत असं वाचायलाही हरकत नाही. दुसऱ्यांदा वाचताना श्रम कमी पडतात आणि इंग्रजीतली लय ऐकू यायला लागते. गटात हे उघडपणे सांगा. इतर कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकेल, असा माझा अंदाज आहे.

आता लेक. ती इंग्रजी पुस्तकावर रडते, याचा अर्थ तिला ती भाषा लहान वयात, गोष्टींच्या संगतीत भेटली. ही चांगलीच गोष्ट आहे. तिने तुमच्या कथेला ‘बरी आहे’ म्हटलं, त्यात मराठीचा पराभव नाही. ती कथा तुमच्या आईची होती, तिच्या आईची नाही. तिची आई बहुधा वेगळ्या शब्दांत रागावते. ते शब्द मराठी असतील, तर मराठी तिच्या आत पोचलेलीच आहे, निश्चिंत राहा.

मात्र गोष्टींची मराठी तिला हवीहवीशी वाटावी असं वाटत असेल, तर ‘आपलं चांगलं साहित्य’ तिच्यापुढे ठेवून प्रतिक्रिया न्याहाळत बसू नका. इंग्रजी तुम्हाला जशी भेटली, तशी मराठी तिला भेटू नये. भुताच्या, चोरीच्या, हास्यास्पद फजितीच्या गोष्टी वाचून दाखवा. कळलं का, कसं वाटलं, हे विचारू नका. ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटून ‘पुढचं उद्या’ म्हणा. तुमच्या लहानपणीच्या खऱ्या भानगडी सांगा. आईच्या चुका ऐकायला कुठलंही मूल कान टवकारतं.

आणि तुम्हाला सोपं, गटाबाहेरचं इंग्रजी पुस्तक हवंच आहे, तर ती रडली ते पुस्तक तिच्याकडूनच मागून घ्या. अकरा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात पानाला सहा शब्द काही अडणार नाहीत. फक्त ती कुठल्या पानावर रडली, ते तिने तुम्हाला आधी सांगायचं नाही.